दाजींचं नाक आणि करवतीचं ऑईल

आमच्या दाजींना देवाने नाक दिलं ते श्वास घ्यायला नव्हे, टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑईल पारखायला दिलं, असं माझं पक्कं मत आहे. श्वासाचं काम ते नाक फावल्या वेळात करत असावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. लिंबागणेशच्या पुढे डोंगराच्या कडेला त्यांची सीताफळाची बाग आहे, पण बागेपेक्षा त्यांचा जीव पडवीतल्या तीन मशिनींवर जास्त. एक झाडं कापायची पेट्रोलवरची करवत, एक गवत कापायचं मशीन आणि एक पाठीवरचा फवारणी पंप. या तिन्ही इंजिनांना पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून द्यावं लागतं. ते राहिलं तर आतला पिस्टन घासून जाम होतो आणि भलतंच पडलं तर मशीन धूर ओकत बसतं. बाकीचे लोक दुकानात जातात, डबा घेतात, झाकणाने मोजून ओततात आणि कामाला लागतात. दाजींना मात्र एक डबा पसंत करायला जेवढा वेळ लागतो तेवढा आक्काला पसंत करायलाही लागला नव्हता, हे आक्काच सांगते.

बीड जवळ असताना दाजी ऑईलसाठी आष्टीला जातात, कारण बीडचा दुकानदार डबा उघडू देत नाही. आष्टीचे शेठ बिचारे समजूतदार. ते तीन-चार डबे समोर मांडतात. दाजी एकेकाचं झाकण काढतात, थेंबभर ऑईल तळव्यावर घेऊन अंगठ्याने चोळतात, हात नाकाशी नेऊन डोळे मिटतात आणि मग जे कुठे जातात ते दोन-तीन मिनिटं परत येत नाहीत. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. एकदा ठिबकच्या नळ्या घ्यायला आलेला एक जण वैतागून म्हणाला, "आवो, त्याल हाय ते, अत्तर न्हाई." दाजींनी डोळे न उघडता सांगितलं, "अत्तर चुकलं तर पाव्हणे हसतेत. ह्ये चुकलं तर पिस्टन जातो." डब्यावर छापलेलं ते वाचत नाहीत. "कंपनी सोताबद्दल वाईट लिव्हणार हाय व्हय?" रंगालाही ते भुलत नाहीत. लाल, हिरवं, निळं ऑईल पुढे आलं की "रंग तर बर्फाच्या गोळ्यालाबी आसतो," म्हणून बाजूला सारतात. त्यांना लागतं ते फिक्कट, मधासारखं, जे पेट्रोलमध्ये मिसळल्यावर दिसतसुद्धा नाही. शेजारच्या एका गड्याने करवतीत ट्रॅक्टरचं ऑईल ओतलं तेव्हा दाजी त्याच्यावर असे उखडले की मीच घाबरलो. "म्हशीची पेंड कोंबडीला चारतो का बे तू?" असं म्हणून त्यांनी त्याची करवत घरी आणली, आठ दिवस ठेवून घेतली, आणि आजारी पाव्हण्याला निरोप द्यावा तशी हळहळत परत केली.

पण दाजींना खरं पाहावं ते धूर बघताना. नवं ऑईल आणलं की ते करवत बांधावर नेतात, सुरू करून तिथेच मंद चालू ठेवतात आणि स्वतः सदरा काढून उशाला घेऊन लिंबाखाली उताणे होतात. एकदा मीही त्यांच्या शेजारी आडवा झालो. दुपार कलली होती. मशिनीतून निघालेला धूर वर उठायचा, थोडा रेंगाळायचा आणि फांद्यांमध्ये कुठे जायचा ते समजायचं नाही. पलीकडे डोंगर झोपल्यासारखा पडलेला. "बगा पाव्हणं," दाजी हळूच म्हणाले, "कसा जातोय. जातोय का न्हाई तेबी कळंना." त्या अर्ध्या तासात मला माझी नोकरी, माझं वय आणि माझे गुडघे यांतलं काही म्हणजे काही आठवलं नाही. तेव्हापासून मी दाजींना हसतो, पण दर सुट्टीला त्यांच्याकडे जातो.

पडवीत दोन सारखेच निळे कॅन असायचे. एकात मोटारसायकलचं नुसतं पेट्रोल, दुसऱ्यात करवतीसाठी ऑईल मिसळलेलं. कुठला कुठला याची खूण नव्हती. आक्का एकाला दोरा बांधू म्हणाली, तर दाजींना अपमान वाटला. झाकण जरा सैल केलं की त्यांना कळायचं. पाली काय, लिंबागणेश काय, कुठकुठून माणसं कॅन घेऊन यायची, "दाजी, जरा हुंगून सांगा," म्हणायची आणि समाधानाने जायची.

गेल्या हिवाळ्यात दाजींना ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, दाजी हिंडूफिरू लागले. फक्त पूर्वीपेक्षा गप्प झाले. एकदा चुलीवरचं दूध करपून घरभर वास सुटला तरी ते चुलीशेजारी शांत बसले होते, असं आक्का मला फोनवर म्हणाली. म्हातारपण आलं असेल, असं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं.

मग मी गेलो त्या दिवशी वाटेवर बाभळ आडवी पडली होती. दाजींनी पडवीतल्या एका कॅनमधून करवत भरली, दोरी ओढली आणि कापायला लागले. पाच-सात मिनिटांत करवतीचा आवाज चढला, किंचाळल्यासारखा झाला आणि एकदम बंद. दोरी ओढून पाहिली तर जागची हलेना. दाजी कॅनकडे गेले. तळव्यावर थेंब घेतला, चोळला, हुंगला. पुन्हा हुंगला. मग तो हात माझ्यापुढे केला.

"तुमाला काय येतंय?"

"पेट्रोल."

"नुसतं?"

"नुसतंच, दाजी."

दाजी त्या बाभळीच्या बुंध्यावर बसले. "दोन म्हयने झाले, पाव्हणं," ते म्हणाले, "मला कशाचाच वास येत न्हाई. फुलाचा न्हाई, भाकरीचा न्हाई. म्हनलं, येईल माघारी. कशाला कुनाला सांगायचं?" पिस्टन गेल्याचं त्यांना दुःख होतंच, पण ते बघत होते आपल्या रिकाम्या तळव्याकडे.

त्यानंतर कुणी कॅन घेऊन आलं की दाजी "बाजारात जे गावंल ते घ्या," म्हणायचे आणि आत जायचे. करवत बीडहून नवा पिस्टन घालून आली, ती पोत्याखाली झाकून ठेवली. नव्या पिस्टनला पहिलंच ऑईल चुकलं तर काय, या धास्तीने त्यांनी तिला हात लावला नाही. या वर्षी जुन्या फांद्या तशाच राहणार आणि पुढच्या वर्षी बाग दुसऱ्या कुणाला वाट्याने द्यावी, असंही ते बोलू लागले. पुढच्या सुट्टीला मी गेलो तेव्हा हे ऐकून आक्का उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चला आष्टीला." मग माझ्याकडे वळून, "बापू, तूबी चल."

आक्का त्या दुकानात कधी गेली नव्हती. शेठनी डबे मांडले. दाजी घुटमळले. आमच्याकडे भरबाजारात बायकोचा हात कुणी धरत नाही; बायको चार पावलं मागून चालते. दाजींनी इकडेतिकडे पाहिलं, मग आक्काचा हात आपल्या हातात घेतला, तळवा उताणा केला आणि त्यावर एक थेंब टाकून आपल्याच अंगठ्याने चोळला. आक्काने वास घेतला.

"ह्याला कोंदट येतंय. कढईत दोनदा तळलेल्या त्यालासारखं."

"आन ह्याला?" तिचा दुसरा तळवा.

आक्काने तळवा दोनदा नाकाशी नेला. दाजींनी डोळे मिटले होते. "ह्याला लई हलकं येतंय," ती म्हणाली, "येतंय का न्हाई आसं. चांगलं हाय."

दाजींचा चेहरा सैल झाला. हाच डबा, हे शेठना कळलं, मला कळलं. शेठ तो कागदात गुंडाळायलाही लागले होते. आक्काने पदराने हात पुसायला घेतला तसे दाजी म्हणाले, "थांब जरा. शेठ, तो वरचाबी काढा."

आक्काने त्यांच्याकडे पाहिलं आणि हात पुन्हा पुढे केला.