प्रणालीच्या वाट्याचं पायडल

आमच्या डायलिसिसच्या खोलीत किस्से साचतात, त्याला इलाज नाही. माणूस अर्धा दिवस मशीनला बांधलेला, सुया टोचलेला हात हलवायचा नाही, मग चालणार ते तोंडच! मी तिथली फिजिओथेरपिस्ट. गोंदियात एवढा लांब शब्द कोणी उच्चारत नाही, म्हणून मी सगळ्यांची 'कसरतवाली मॅडम'. आता हे किस्से लोक हसत सांगतात. घडत होते तेव्हा मात्र कोणी हसत नव्हतं, आणि मी तर मुळीच नाही.

* * *

कामठ्याची प्रणाली. वय एकोणीस, दोन्ही किडन्या निकामी. वडील तुलारामभाऊ धानाचे शेतकरी. स्वतःची किडनी द्यायला तयार होते, तपासण्याही जुळल्या होत्या. पण नागपूरच्या सर्जननी पोरीला चालून दाखवायला सांगितलं आणि नकारार्थी मान हलवली.

"पायात दमच नाही. अशा अंगावर ऑपरेशन धोक्याचं आहे. दोन महिन्यांत ताकद आणा, मग तारीख देतो."

म्हणून मी डायलिसिस चालू असतानाच तिच्या पायांशी छोटं पायडल लावलं. तुलारामभाऊ भडकले!

"मॅडम, बिमार पोरीले कोणी सायकल चालवाले लावते का? कायले तरास देऊन राहिल्या तिले?"

"भाऊ, तुम्ही तिला नुसतं झोपवून ठेवलं, म्हणून पायांची ही गत झालीय!"

मी जरा जोरातच बोलले. पण खरं तेच होतं. आजाराने नेली नसेल एवढी ताकद त्या घरच्या लाडाने नेली होती.

* * *

शेजारच्या पलंगावर मुर्रीचा अंकुश. त्याचं दुखणं उलटं. त्याला मी धावायची परवानगी दिली, तर हा पठ्ठ्या थेट क्रिकेटच्या टूर्नामेंटमध्ये! सोमवारी आला तो डावा हात गमछ्यात गुंडाळून. त्याच हातात फिस्टुला, म्हणजे रक्तवाहिन्या जोडून डायलिसिससाठी केलेली वाट. ती बंद पडली की मशीन लावायचं कुठे?

"कॅच पकडला मॅडम. मॅच फसली होती!"

"याच हाताने?"

"छोडता तो मुर्री में मुँह कैसे दिखाता?"

मेश्राम सिस्टरनी सुजेवर बोटं ठेवली. रक्त वाहत असलं की बोटांना आतली घरघर लागते. त्यांनी बोटं सरकवली, पुन्हा सरकवली. अंकुशचं हसू मावळलं. प्रणालीचे पाय पायडलवर तसेच थांबले.

"चालू आहे," सिस्टर म्हणाल्या आणि त्याच दमात ओरडल्या, "पुढचा कॅच तोंडाने पकड!"

* * *

पुढच्या आठवड्यात पायडल मारता मारता प्रणाली घामाने डबडबली. डोळे फिरले. बीपी खाली, अजून खाली. सिस्टरनी तिचे पाय वर उचलले, सलाईन सोडलं. दाराच्या काचेला तुलारामभाऊंचं कपाळ टेकलेलं. मला वाटलं, गेली पोर.

ती शुद्धीवर आली तेव्हा मी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"उपास आहे."

"कसला?"

"आईनं नवस बोलला आहे देवाले. ऑपरेशन होवाले पाहिजे म्हणून."

ऑपरेशन व्हावं म्हणून उपास, आणि उपासापायी ऑपरेशनच बोंबलायची वेळ! मी कपाळावर हात मारून घेतला.

"आईला म्हणावं, उपास तुम्ही करा. ही जेवूनच येईल!"

* * *

त्या प्रकारानंतर तुलारामभाऊंनी इथे पायडल मारू द्यायला साफ नकार दिला. "घरी करवतो मी. माह्या डोळ्यासमोर." मी खूप वाद घातला, शेवटी पायडल त्यांच्या हवाली केलं. डायलिसिसला आले की विचारायची, होतं का रोज?

"होऊन राहिलं नं मॅडम! एक दिवस खाडा नाही!"

महिनाभराने प्रणालीला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. उठता येईना. तुलारामभाऊ मात्र जिना एका दमात चढून आलेले, पोट उतरलेलं, चेहऱ्यावर तकाकी! मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"भाऊ, पायडल कोण मारतंय?"

ते चपलांकडे बघायला लागले. "तिचे पाय दुखून राहिले होते, मॅडम. म्हणून तिच्या वाट्याचं मीच मारलं."

अंकुश हसून हसून खोकायला लागला. मला हसू येईना. अर्धीअधिक मुदत संपली होती.

"तुलारामभाऊ, किडनी देता येते. कसरत देता येत नाही!"

एरवी तोंडातल्या तोंडात बोलणारी प्रणाली खणखणीत म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर बसा." आणि त्या दिवसापासून वऱ्हांड्यात भिंत धरून चालायला लागली.

* * *

नागपूरला मी रजा टाकून सोबत गेले. तुलारामभाऊ दाराबाहेर बाकावर. आत लांबलचक कॉरिडॉर, आणि सर्जन चालण्याची वेळ मोजायला हातात घड्याळ घेऊन उभे.

सुरुवात छान झाली. मग पावलं जड झाली. प्रणाली थांबली, हात भिंतीवर, छाती भात्यासारखी.

"बस करायचं का?" सर्जननी विचारलं.

मला मध्ये पडायची मनाई होती. नुसतं 'चल' म्हणायचीही! मी ओठ चावून उभी राहिले. इथे थांबली तर पुन्हा कधी बोलावतील, आणि तोवर ही पोर टिकेल का, कोण सांगणार?

भिंतीवरचा हात सुटला. एक पाऊल पडलं, मग दुसरं. वेळ संपेपर्यंत ती चालत राहिली. सर्जननी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "तारीख देतो."

बातमी सांगायला मी निघाले, तर तिनेच मला मागे सारलं आणि दार उघडलं.

"बाबा, तारीख भेटली. उठा, तुमचं रगत पुन्हा तपासाचं आहे."

तुलारामभाऊ उठायला गेले आणि मटकन खाली बसले.

"माहे पाय नाही उठून राहिले, बाई."

तिने हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण भार टाकेनात.

"जोर नको लावू, बाई."

"लावू द्या नं, बाबा!"