भिवाआप्पांची घाई

पत्त्यांचा डाव मोडला की बाकीचे ड्रायव्हर चहाला जायचे आणि भिवाआप्पा डायरी काढून बसायचे. दिवाळीला कंपनीकडून मिळालेली, जाड पुठ्ठ्याची डायरी. रोजच्या पानावर तीनच गोष्टी लिहायच्या: चूक, कारण, उपाय. निमोण्याच्या सातवी शिकलेल्या या माणसाने मेंढीकोट सुधारावा म्हणून सात वर्षं रोजनिशी लिहिली. एवढी चिकाटी मी पुढे कुणातच पाहिली नाही, माझ्यात तर नाहीच नाही.

नव्वदचं दशक सरत होतं. आम्ही दोघं कारेगावच्या एका कारखान्याच्या बसगाड्यांवर होतो. त्यांची गाडी शिरूरची, माझी दौंडची. सकाळी कामगार आणून सोडायचे, संध्याकाळी साडेपाचला परत न्यायचे आणि मधला सगळा दिवस गेटाबाहेरच्या लिंबाखाली काढायचा. चौघं जमले की डाव पडायचा. समोरासमोर बसलेले दोघं भिडू, आणि दश्श्या, म्हणजे मेंढ्या, जास्त पकडेल तो जिंकला. पैसे लावायचे नाहीत हा आप्पांचा दंडक. मी त्यांचा भिडू, त्यामुळे त्यांच्या चुकांचा प्रसाद आधी मला मिळायचा. दश्शी गेली की ते कपाळावर हात मारून म्हणायचे, "मेंढरं राखनारं घर आमचं, आन् माज्याच हातनं मेंढी जाती."

सुरुवातीला त्यांच्या चुका नाना तऱ्हेच्या होत्या. लिहून लिहून त्यांनी एकेक घालवली. मग एक चूक अशी आली की ती काही केल्या जाईना. किलवरची उतारी असायची, हातात किलवर असायचं, आणि आप्पा इस्पिक टाकून मोकळे व्हायचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी खेकसलोच, आप्पा, घाई किती करता! वयाने मी वीस वर्षांनी लहान, पण डावात भिडूला बोलायची मुभा असते. त्यांनी निमूटपणे कारणाच्या जागी लिहिलं: घाई.

पुढे तीन वर्षं तेच कारण. उपाय मात्र रोज नवा. खेळताना तंबाखू नको, खेळताना बोलणं नको, पान टाकण्याआधी तीन श्वास घ्यायचे. आम्ही त्यांचे श्वास मोठ्याने मोजायचो आणि हसायचो. घरीदेखील ते सावकाश जेवू लागले, सावकाश बोलू लागले. कारेगावात त्यांच्याइतका संथ माणूस उरला नव्हता, तरी इस्पिक पडायचं ते पडायचंच.

थंडीतल्या एका दुपारी त्यांनी डायऱ्या माझ्यापुढे ठेवल्या. "माजं काय चुकतंय ते मला दिसंना झालंय," ते म्हणाले. "तू वाचून बघ. भिडूनं न्हाई सांगायचं तर कुनी?"

मी थट्टेच्या मूडमध्ये वाचायला बसलो. घोटाळा नेहमी दोन काळ्या रंगांतच, आणि तोही बारक्या पानांत. राजा-राणीत कधीच नाही. शिवाय अक्षर वर्षागणिक मोठं होत गेलेलं. पहिल्या डायरीत अर्ध्या पानात मावणारा मजकूर शेवटच्या डायरीत दोन पानं खात होता. मी जोडातून किलवरची सत्ती काढली आणि हातभर लांब धरून विचारलं, हे काय?

आप्पांनी सवयीने तीन श्वास घेतले. मग म्हणाले, "इस्पिक."

मी पान त्यांच्या हातात दिलं. ते डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. "म्हंजी घाई न्हवती," ते हळूच म्हणाले, आणि क्षणभर त्यांचा चेहरा चक्क हलका झाला. मग त्यांची नजर उभ्या असलेल्या बसकडे गेली.

साडेपाचला कामगार गाडीत बसले, पण आप्पा दारातच उभे. मी म्हणालो, आज एवढी फेरी सावकाश मारा, उद्या डॉक्टरकडे जाऊ. असं बोललो मी, चाळीस माणसं आत बसलेली असताना. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"रस्ता पाठ हाय मला," ते म्हणाले. "रस्त्यावरची मानसं कशी पाठ व्हतील?"

त्यांची गाडी मी शिरूरला नेली. दौंडच्या माझ्या लोकांनी दीड तास वाट पाहिली आणि मला यथेच्छ शिव्या घातल्या. आप्पांनी पुन्हा कधी बस चालवली नाही. दौंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखर डोळ्यांत उतरलीय. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय तेही टिकेल असं नाही, दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. आप्पांनी मान हलवली. मी भिंतीकडे बघत बसलो.

दोनेक वर्षांनी निमोण्याला गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मनात इतके दिवस सलत होतं ते मी बोलून टाकलं, की आप्पा, घाई हा शब्द पहिल्यांदा मीच तुम्हाला दिला.

"व्हय," ते म्हणाले. "पन भिडू समोर बसतो. त्याला माजी पानं कुठनं दिसनार?"

मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले. त्यांच्या हातातली पानं मला दिसत नव्हती हे खरं. टाकलेली मात्र तीन वर्षं रोज माझ्यासमोर उघडी पडत होती.