वायर खाणारा उंदीर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कोण? बस चुकली तरी त्याचं महाभारत करून सांगणारा! त्या माझ्या पोटात ही एक गोष्ट एवढी वर्षं राहिली — कशी राहिली असेल?

उंदराची गोष्ट मात्र अख्ख्या माळव्याला सांगून झालीय. भंवरकुआं भागातलं मुलांचं हॉस्टेल, खोलीत आम्ही दोघं — मी देवासचा, दिनेश गौतमपुऱ्याचा — आणि भिंतीतून आलेली इंटरनेटची एकच वायर. मोबाईलचं नेट तेव्हा असं, की फोटोत आधी कपाळ उतरायचं आणि हनुवटी येईपर्यंत तिच्यावर दाढी वाढायची. म्हणून वायर म्हणजे राजगादी. कायदा साधा — सकाळी जो खाली जाऊन पोहे आणेल, दुपारपर्यंत वायर त्याची. मग गोष्टीत उंदीर येतो, मांजराएवढा, आणि नेमकी दिनेशच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी वायर कुरतडतो. लोक पोट धरून हसतात. दिनेश सगळ्यात जोरात.

आता गोष्टीत जे नसतं, ते.

दिनेशला कंप्युटर मी शिकवला, असं मी हॉस्टेलभर सांगायचो. खरं म्हणजे माऊस कसा धरायचा तेवढं दाखवलं होतं, बाकी तो आपला आपण शिकला. पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा दोघांनी दिली. बोलावणं त्याला आलं. मला नाही. इंटरव्ह्यू व्हिडिओवर होता, सकाळी. त्याच्या बाबूजींनी बजावलं होतं — हे शेवटचं. नाही जमलं तर गावी येऊन बियाण्यांच्या दुकानात बसायचं. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

त्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो पोहे आणायला निघाला. मी म्हटलं, "अरे, आज तो वायर तेरी ही है."

"कायदा मतलब कायदा, भिया," जिना उतरता उतरता म्हणाला. भिया म्हणजे भाऊ, मला तो तसंच हाक मारायचा.

आणि मी —

मी नेलकटर काढलं. खाटेमागे वायर वळते, तिथे. एकदम कापली नाही हो! थोडी थोडी तोडली, उंदराचे दात लागल्यासारखं दिसावं म्हणून. रागाच्या भरात माणूस एक घाव घालतो. मी कोरीव काम करत बसलो होतो. याला राग म्हणायचं?

तो आला. माझ्या पुड्यात जास्तीची सेव, वरून जास्तीचा जीरावन मसाला — मला आवडतं तसं. त्याने लॅपटॉप उघडला, वायर लावली, नेट नाही. "चूहा!" म्हणून आधी ओरडलो तो मीच. तो तसाच पळाला. एका सायबर कॅफेत कॅमेरा नव्हता, दुसऱ्याचं शटर अजून खाली होतं. तिसऱ्यात जागा मिळेपर्यंत पलीकडचे लोक उठून गेले होते. पुन्हा संधी द्या म्हणाला, नाही दिली.

आणि मी काय करत होतो? पोहे खात होतो. सगळे खाल्ले.

तो परतला तेव्हा मी उंदराला अशा काही शिव्या घातल्या, की शर्ट घामाने भिजलेला तोच माझी समजूत काढू लागला. "चूहे का क्या कसूर, भिया. भूखा होगा."

गौतमपुऱ्यात दिवाळीनंतर पेटते हिंगोट, म्हणजे फटाक्याची दारू भरलेली फळं, एकमेकांवर फेकतात. तिथला गडी तो, समोरून येणारी आग अंगावर घेणारा. शेजारच्या खाटेवरून काही येईल, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. आजही येत नाही.

यंदा दिवाळीला त्याच्याकडे गेलो होतो. बियाण्यांच्या दुकानातच. त्याने पोहे मागवले आणि बायकोला म्हणाला, "सुन, भिया चूहे वाली सुनाएगा." ऐकवली. उंदीर ह्या वेळी म्हशीच्या रेडकाएवढा. हसता हसता वहिनींच्या डोळ्यांत पाणी. पदराने ते पुसत त्यांनी विचारलं, "पर भैया, तार खाके उसको मिला क्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले — आता हा काय फेकतो! मी बशीतल्या पोह्यांचा मोठा घास तोंडात भरला आणि मनातल्या मनात म्हटलं —

काही नाही, वहिनी. काहीच नाही मिळालं. आणि तो भुकेलेलाही नव्हता.