पंचफुलानं अंगणात चूल घातली

पेडगावात कुणाच्या घरी म्हातारं माणूस धापा टाकायला लागलं, की आधी ओव्याची धुरी व्हायची, मग अंगारा व्हायचा, आणि घरच्यांचे हातपाय गळाले की कुणीतरी म्हणायचं, रामकिशनच्या पंचफुलाला बोलवा. पंचफुला यायची ती पदर खोचूनच. आल्याबरोबर ती आजाऱ्याकडे बघायची नाही. आधी दार बघायची, मग छताला धूर जाण्यासाठी ठेवलेलं साणं बघायची, मग चूल. आणि घरातल्या कर्त्या माणसाला असं काही फैलावर घ्यायची, की आजारी माणसाला नुसतं ते ऐकूनच जरा बरं वाटायचं.

ती नर्स नव्हती की दाई नव्हती. थोडं कोरडवाहू रान, दोन पोरं आणि गरीब स्वभावाचा नवरा एवढाच तिचा संसार. तोंड मात्र असं, की बाजारात भाजीवाली तिला लांबून बघूनच भाव उतरवून ठेवायची. पण धाप लागलेल्या माणसाला वाकळांच्या घडीवर हात टेकवून पुढं वाकून बसवताना हेच तोंड लोण्यासारखं मऊ व्हायचं. हे सगळं ती शिकली ते सासूच्या पायी, आणि त्या शिक्षणात घर फुटता फुटता राहिलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि एसट्या बंद पडल्या, त्या पावसाळ्याच्या तोंडावरच पंचफुला या घरात नांदायला आली होती. सासू धुरपताबाई. तरुणपणी विधवा झालेली, रामकिशन आणि राधाकिशन या दोन लेकांना एकहाती वाढवलेली. तिची ज्वारीची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली की पुरीसारखी फुगायची. चुलीपुढं दुसऱ्या कुणाला ती बसू द्यायची नाही. पंचफुला पाणी आणी, सरपण आणी, पीठ चाळून देई. पण फुंकणी सासूच्या हातात. राधाकिशन आणि त्याची बायको दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, उन्हाळ्यात परत यायचे. आल्या आल्या आईच्या हातची भाकरी खाल्ली की त्यांचे हाल फिटायचे.

चुलीत जळायच्या त्या कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या. पावसाळ्यात तर ओलं सरपण, आणि साण्यावर पत्र्याचा डबा पालथा घातलेला. सगळा धूर घरात. धुरपताबाई खोकायची, डोळे पुसायची आणि भाकरी थापायची. पुढं पुढं आडावर जाता जाता मध्येच दगडावर बसायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, वय झालं. अजून गुडघे धड होते, दात धड होते, आणि म्हणे वय झालं.

मग एका हिवाळ्यात तिचा श्वास कोंडला. शेजारच्या कडूबाईनं मोठ्या मायेनं दार लावून ओव्याची आणि कडुलिंबाच्या पाल्याची अशी सणसणीत धुरी दिली, की म्हातारीचे ओठ निळे पडले. रामकिशननं गाडी जुंपली आणि आईला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पंचफुलाही बरोबर गेली. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि सांगितलं की टीबी नाही. जन्मभराच्या धुरानं फुप्फुसं झिजली आहेत. ती पुन्हा नवी होणार नाहीत, पण नीट सांभाळलं तर बाई बरीच वर्षं काढतील. "अन् पुन्हा त्याच धुरात बसवलंत," ते म्हणाले, "तर पुढचा हिवाळा त्यांना दिसायचा नाही."

हे वाक्य पंचफुलाच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. रामकिशन आईजवळ थांबला. जनावरांसाठी आणि पोरांसाठी पंचफुला गावाकडं परतली. येता येताच तिनं मनाशी ठरवलं. काळी माती आणली, भुसा आणि राख कालवली, आणि अंगणात लिंबाच्या कडेला नवी चूल घातली. वर तुराट्यांचं छप्पर, बाजू मोकळ्या. चूल वाळली तशी तिच्यावरच सैपाक करायला लागली. सासू घरी येईल, बघेल आणि खूश होईल, असं बिचारीला वाटत होतं.

आता आपल्याकडं घराची वाटणी तलाठ्याकडं फार मागाहून होते. आधी होते ती चुलीवर. भावाभावांत, सासूसुनांत बिनसलं की सून एके दिवशी दुसरी चूल घालते, आणि कुणी काही न सांगता गावाला कळतं की हे घर फुटलं. पंचफुलाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोक्यात धूर एके धूर बसलेला. बाकी काही सुचलंच नाही. त्यात आतली जुनी चूल तिनं तशीच ठेवली. सासूच्या हातची चूल, सासू जिवंत असताना, सुनेनं कशी मोडायची? हा तिचा मान. पण लोकांना दिसलं ते एवढंच की एका घरात दोन चुली आहेत. सासू दवाखान्यात असताना सून वेगळी निघाली, ही बातमी कडूबाईनं पाण्याला जाता जाता सगळ्या आळीत पोचवली.

धुरपताबाई गाडीतून उतरली ती थेट त्या चुलीसमोर. बघितली. भिंतीला धरत आत गेली, जुन्या चुलीत काटक्या घातल्या, फुंकणी उचलली आणि खोकत खोकत स्वतःपुरत्या भाकरी केल्या. पंचफुलानं लाख वेळा सांगितलं की आत्या, धुरापायी घातली, तुमच्यासाठी घातली. पण वेगळी निघणारी प्रत्येक सून काहीतरी निमित्त सांगतेच. धुरपताबाईनं जन्मभर हेच पाहिलं होतं. रामकिशनलाही कुणाची बाजू घेता येईना. तो बाहेर बायकोच्या हातची भाकरी खायचा, मग आईला वाईट वाटू नये म्हणून आत जाऊन पुन्हा खायचा, आणि मग पोट धरून बसायचा.

आठवड्याला गावात येणाऱ्या सुमनबाई सिस्टर तेवढ्या दोघींशी बोलत. त्यांनी धुरपताबाईला समोर बसवून श्वास शिकवला. नाकानं घ्यायचा, आणि बशीतला चहा निववताना करतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा. घ्यायला लागला त्याच्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. धाप लागली तर आडवं पडायचं नाही, पुढं टेकून बसायचं. चार पावलं चालायची तर मध्ये थांबायचं, त्यात लाज नाही. बेडका पिवळा-हिरवा झाला, पायावर सूज आली किंवा बोलताना एक वाक्य पुरं होईना, की वाट न बघता दवाखाना. गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. पंचफुला दाराआडून सगळं ऐकायची, पाठ करायची. आणि धुरपताबाई सिस्टरांनी सांगितलेलं सगळं अगदी मन लावून करायची, पण जुन्या चुलीपुढं बसून, धुरात.

पायांवर सूज दिसली ती पंचफुलालाच. सासू पोराला हाक मारताना नावाच्या मध्येच थांबली, तेही तिनंच ऐकलं. आणि नेमका त्याच दिवशी राधाकिशन उसाच्या फडावरून येऊन धडकला. त्याच्यापर्यंत निरोप पोचला होता की वयनीनं चूल वेगळी केली. तो अंगणात उभा राहिला आणि चुलीकडं बोट दाखवून म्हणाला, वाटणीच करायची होती तर मी गावात असताना करायची, चार माणसं बसवून करायची. आई आजारी असताना चोरून कशाला? रामकिशन उगाच बैलाचं दावं सोडून पुन्हा बांधायला लागला. कडूबाई कुंपणापाशी उभी होतीच.

पंचफुलाला रडू आलं, आणि रडू आलं की तिला आधी राग यायचा.

"मला रान नको, घर नको, भांडंसुद्धा नको," ती म्हणाली. "माझ्या आत्या ह्या घरात धूर खाऊन मरायल्यात अन् तुमी मला वाटणीचं इचारायलाव. डॉक्टरनं काय सांगितलं ते तुमच्या दादाला इचारा. मला आत्या धुरातून भाईर पायजेत. दुसरं कायबी नको."

आतून खोकल्याचा आवाज आला आणि धुरपताबाई दारात आली. चौकट धरून उभी राहिली. शिकवल्याप्रमाणे ओठ चंबू करून तिनं श्वास सोडला, पुन्हा घेतला.

"मंग जुनी... का ठिवलीस?" तिनं विचारलं.

"ती तुमची हाय, आत्या. तुमची चूल मी कशी मोडू?"

धुरपताबाई वळून आत गेली. राधाकिशन मागं जायला लागला तर तिनं हातानंच थांबवलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खापर होतं आणि खापरात जुन्या चुलीतले निखारे. दारापासून लिंबापर्यंत तरणं माणूस उड्या मारत जाईल एवढंच अंतर. ती थांबत थांबत आली. दोन पावलं चालायची, उभी राहायची, फुंकर सोडायची, पुन्हा दोन पावलं. कुणाला हात लावू दिला नाही. नव्या चुलीपाशी आल्यावर तिनं आधीचं जळण बाहेर ओढायला लावलं, राख काढायला लावली, आणि आपले निखारे आपल्या हातानं आत ठेवले.

"आता आतली मोड," ती पंचफुलाला म्हणाली. "घर एकच हाय. इस्तू बी एकच ऱ्हाईल."

मग तिनं कमरेची फुंकणी काढून सुनेच्या हातात दिली आणि राधाकिशनला दरडावून विचारलं की फडावर बायकोला एकटी टाकून तू इथं काय करतोस. तो त्याच अंगणात बसून भाकरी खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी धुरपताबाईला पायांच्या सुजेसाठी पुन्हा परभणीला नेलं; चार दिवसांनी सूज उतरून परत आली.

तिथून पुढं त्या अंगणात रोज जे चालायचं ते बघण्यासारखं होतं. धुरपताबाई वाऱ्याच्या वरच्या अंगाला पाटावर बसून भाकरी थापायची, पंचफुला भाजायची. वारा फिरला की सून पाटासकट सासूला फिरवायची, आणि सासू म्हणायची, मला घाण्याचा बैल केलाय. पंचफुला तिला आडापर्यंत चालवायची, ठरल्या दगडांवर बसवायची, फुंकर नीट सोडली नाही तर लेकरासारखं रागवायची. म्हातारी कुरकुरायची की जन्मभर फुंकूनच आले, आता आणखी काय फुंकू. "तवा चुलीसाठी फुंकलं," पंचफुला म्हणायची, "आता सोतासाठी फुंका."

डॉक्टरांनी सांगितलेला पुढचा हिवाळा गेला, त्याच्या पुढचाही गेला. मग लोक विचारायला यायला लागले. सगळ्यांत आधी आली कडूबाई, कारण आता तीही खोकत होती. नव्या चुलीत विस्तव ठेवायला तिची सासू नव्हती, कधीच वारलेली, म्हणून ती धुरपताबाईकडंच खापर घेऊन आली. धुरपताबाईनं दिले निखारे, आणि दवाखान्यातल्या दिवसांत आळीभर काय काय सांगत होतीस त्याची उजळणीही दिली. पेडगावात मग तशी रीतच पडली. चूल बाहेर काढायची तर सुनेनं नवी घालायची, सासूनं विस्तव न्यायचा आणि जुनी त्याच दिवशी मोडायची, म्हणजे कुणाच्या तोंडाला खाद्य नको. पंचफुला प्रत्येक घरी हजर. मानवतच्या जिनिंगात कापसाच्या उडणाऱ्या बारीक पुसात छाती गमावलेला बन्सीधर नावाचा म्हातारा होता. त्याचा चुलीशी काही संबंध नव्हता, तर त्याला तिनं नाकाला उपरणं बांधायला आणि दम न लागू देता ओटा चढायला शिकवलं. बिडी मात्र तिला सोडवता आली नाही. त्याच्या नावानं ती कायम चरफडत राहिली.

धुरपताबाई गेली ती आठ हिवाळे काढून, विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या संक्रांतीच्या सुमाराला. सकाळच्या उन्हात पाटावर बसली होती, भोगीसाठी बाजरीचं पीठ आणायला सांगत होती. कोंडून, तडफडून नाही. पंचफुलाच्या खांद्याला टेकून, शांतपणे गेली. पंचफुलानं देवाकडं एवढंच मागितलं होतं, आणि मिळाल्यावर तिला त्याचा काही उपयोग वाटेना.

सुतकात चूल पेटली नाही. शेजारपाजारच्या भाकरी यायच्या. दिवस झाल्यावर पंचफुला अंगणात येऊन थंड चुलीपुढं बसली. काडेपेटी हातात होती, पण काडी ओढवेना. आठ वर्षांपूर्वी सासूनं आणून ठेवलेला विस्तव आपल्या हातून विझला, एवढंच मनात येत होतं.

तेवढ्यात कुंपणाचा आवाज झाला. कडूबाई आली होती. हातात खापर, वरून राख झाकलेली.

"धर," ती म्हणाली. "तुज्याच घरचा हाय. माय माऊलीनं दिलता त्योच."

आठ वर्षांत कडूबाईची चूल किती वेळा विझली असेल आणि किती वेळा काडीनं पेटली असेल, ते तिचं तिला ठाऊक. पंचफुलानं विचारलं नाही. निखारे चुलीत ठेवले, वर पऱ्हाट्या ठेवल्या आणि फुंकणी तोंडाला लावली. पण रडण्यानं छाती भरून आलेली, फुंकरच निघेना. मग ती थांबली. नाकानं श्वास घेतला, ओठ चंबू केले, आणि सासूला शिकवायची तसा हळूहळू, सगळा सोडला. पऱ्हाट्यांनी पेट घेतला. वारा कुठल्या अंगाचा आहे ते तिनं बघितलं, सवयीनं सासूचा पाट त्या बाजूला सरकवला, आणि परातीत पीठ घेतलं.