आसारींचे तेरा फूट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

काल कुंभकोणमच्या आमच्या गच्चीवर सुतार सागवान कापत होता. त्या भुशाच्या वासाने मी तीस वर्षं मागे, पट्टीश्वरम्‌ला काकांच्या अंगणात गेलो. पडवीला उतरतं छप्पर घालायचं होतं. रुंदी बारा फूट, उंची पाच. तिरपा वासा केवढा, हे काढायला म्हातारे सुतार, आमचे आसारी, वर्गमुळाकडे जात नसत. "लांब बाजूचा आठवा भाग टाकून द्या, आखूड बाजूचा अर्धा मिळवा. तेरा!"

खुणा मी केल्या. टेपचा पहिला अर्धा फूट तुटलेला होता, तेच विसरलो. सगळे वासे तोकडे कापले गेले.

काकांना संशय आसारींचाच. "अर्धा अर्धा फूट कुणाच्या घरी गेला, आसारी? की सूत्रच खोटं?" मग मला म्हणाले, "तू इंजिनियरिंगचा ना रे? सांग."

"सूत्र अंदाजाचं आहे, काका."

तसं ते आहेही. पण पाच आणि बाराला ते नेमकं तेराच देतं, हे मला ठाऊक होतं. आसारींनी माझ्या हातातल्या टेपकडे पाहिलं. हत्यारं पिशवीत भरली. नंतर आमच्यापैकी कुणी त्यांना कामाला बोलावलं नाही.

कालचा सुतार त्यांचा मुलगा. मोबाइलवर कर्ण काढत म्हणाला, "अप्पांचं सूत्र चुकीचं होतं, सार. तुम्हीच ना तेव्हा सांगितलंत?" तो मला जोखत होता की काय, कोण जाणे. मी चहा पुढे केला.

तुझ्या अप्पांचे तेरा फूट बरोबर होते, एवढं वाक्य मी त्याचं देणं लागतो.