खटक्यावरचा हार

काल कोळगावच्या पंपावर हातावर पेट्रोल सांडलं आणि बाबांच्या जीपच्या आठवणीने पुन्हा डोकं वर काढलं.

तेव्हा आम्ही कुंभवलीला राहायचो. पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणारी ती जुनी जीप दसऱ्याच्या पूजेनंतर दारातच अडून बसली. मामा नोकरीसाठी मस्कतला निघाला होता. त्याला बोईसर स्टेशनवर गाठायचं म्हणून आई लाडवांचा डबा घेऊन उभी होती.

बाबांनी फिल्टर फुंकला, नळीला तोंड लावून पेट्रोल ओढलं, थुंकले, परत ओढलं. तोंडात पेट्रोल येत होतं, इंजिनात नाही.

"गॅसवर घेऊन बघा ना," आई म्हणाली.

"थंड गाडी पेट्रोलवरच सुरू करायची असते."

शेवटी वैतागून आईने जीपमधला झेंडूचा हार ओढून काढला. पूजेत बाबांनी तो नेमका इंधन बदलायच्या खटक्यावर अडकवला होता. वजनाने खटका मधोमध आलेला, म्हणजे पेट्रोलही बंद, गॅसही बंद.

खटका वर केला आणि जीप सुरू झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा मामाची गाडी सुटून गेली होती.

परतताना आईने बाबांच्या हातावर लाडू ठेवला. "खा. सकाळपासून पेट्रोलच पिताय."

मी पोट धरून हसलो. ती मात्र घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली, ते मला आत्ता दिसतंय.