हिरव्या ट्यूबचा फोटो

साताऱ्याच्या डोक्यावरच्या चार भिंतीच्या टेकडीचा चढ केरबाला आता झेपत नव्हता. गळ्यात कॅमेरा, खांद्यावर ट्रायपॉड. मागून राहीबाई जतचं जुनं घोंगडं काखेत मारून धापा टाकत येत होती.

"आवं, दमानं! मुहूर्त टळतोय व्हय?"

"टळतोयच की. एकदा आभाळ काळं पडलं की फोटोत जीव ऱ्हात न्हाई."

जतहून येऊन साताऱ्यात फोटोचं दुकान थाटलं, त्याला उभी हयात लोटली होती. आता लोक लग्नंसुद्धा मोबाइलवरच काढायचे. गाळा दुसऱ्याला दिला होता. उद्या सकाळी बोर्ड उतरणार आणि दोघं पोराकडं, सूरजकडं, पुण्याला जाणार. निघताना केरबानं बोर्डावरची हिरवी ट्यूब लावून ठेवली होती. सगळ्या गावाच्या दिव्यांत ती एकदा फोटोत यावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

वर वारा भणाणत होता. ट्रायपॉड थरथरायला लागला, तशी राहीबाई घोंगडं पसरून वाऱ्याच्या अंगाला उभी राहिली.

"हां, हलू नका!" केरबा सवयीनं ओरडला.

"कुणाला सांगताय? सातारा काय पळून चाललाय?"

पहिला फोटो रवाळ आला. कॅमेरा अजून लग्नातल्या मापावरच होता. हॉलमधली नवरी एका जागी थांबत नाही, म्हणून उजेड ओढणारा आयएसओ चढवलेला, शटर झटपट. त्यानं आयएसओ शंभरावर आणला, लेन्सचं तोंड बारीक केलं, शटर दहा सेकंद उघडं ठेवलं. बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावला.

दुसरा फोटो बघून राहीबाई म्हणाली, "लय झ्याक!"

दिवे टोकदार, हमरस्त्याची लाल रेघ, आभाळ अजून निळं. पण केरबानं फोटो मोठा करून पाहिला आणि तो मटकन खाली बसला. शेजारच्या सराफाच्या पांढऱ्याफेक बोर्डानं हिरवी ट्यूब गिळून टाकली होती.

चूक उजेडाचं चाक फिरवणाऱ्या अंगठ्याची होती. "पोरगी गोरी दिसू दे, केरबा," असं प्रत्येक मांडवात कुणी ना कुणी म्हणायचंच. म्हणून मापाहून थोडा जास्तच उजेड द्यायची खोड त्याला जडली होती. आत्ताही त्यानं तेच केलं होतं.

त्यानं शटर पाच सेकंदांवर आणलं. मग दोन. मग एक. दर वेळी सातारा आणखी अंधारात बुडत गेला. शेवटी सराफाचा पांढरा डाग आक्रसला आणि त्याच्या कडेला गवताच्या काडीएवढी हिरवी रेघ दिसली.

"आन् गाव कुठं गेलं?" राहीबाईनं विचारलं.

"तितंच हाय. फोटोत मावंना."

"दोन्ही एकदम येत न्हाई?"

"येतं की. नवी पोरं दोन फोटो कंप्युटरवर जोडत्यात. मला न्हाई जमत ते. आन् आता शिकायचा उरकबी न्हाई."

घोंगडं धरून तिचे हात भरून आले होते. तरी ती पडद्यावर वाकून बराच वेळ बघत राहिली.

"ह्योच मोठा करून घ्या."

"सून म्हणंल, हे काळं काय टांगलंय भिंतीवर?"

"म्हणू दे. मला दिसतंय."

केरबानं ट्रायपॉड मिटला. गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि त्यानं खाली एकवार बघितलं.

"चल. ट्यूब बंद करायची हाय अजून."